अंधाराला सरावणारे डोळे

मार्गशीर्षातील अमावास्येची रात्र. माळरानावर आकाशदर्शनासाठी जमलेल्या मंडळींनी गाडीचे दिवे नुकतेच मालवले आहेत आणि डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये, अशा काळोखात सगळे जागच्या जागी थबकले आहेत.

पहिल्या काही सेकंदांत डोळ्याची बाहुली रुंदावते. लख्ख उजेडात ती जेमतेम २ मिलिमीटर असते, ती तरुण माणसात ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पण तेवढ्याने डोळ्यात शिरणारा प्रकाश फार तर पंधरा-सोळा पट वाढतो. खरे काम आत, दृष्टिपटलावर, अतिशय सावकाश चालते. तेथील सुमारे १२ कोटी दंडपेशींमध्ये, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमध्ये, ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट तांबडे रंगद्रव्य असते आणि प्रकाश पडला की ते विटते. बेडकाच्या दृष्टिपटलाचा हा तांबडा रंग उजेडात फिका पडतो, हे फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये नोंदवले. अंधारात हे द्रव्य पुन्हा तयार होते आणि त्यासाठी शरीराला अ जीवनसत्त्व लागते. ते सतत कमी पडले, तर रातांधळेपणा येतो.

रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दहा मिनिटांच्या आतबाहेर जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात. त्यानंतर दंडपेशी पुढे सरसावतात, आणि त्यांना पुरते तयार होण्यास अर्धा-पाऊण तास द्यावाच लागतो. एवढ्यात कोणी मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यात डोकावले, तर त्याची बरीचशी कमाई वाया जाते. म्हणूनच नकाशा पाहण्याच्या विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाची दुहेरी घडी रबराने आवळून बसवलेली आहे, कारण गडद तांबड्या प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत.

आता पायाखालची वाट दिसते, दगड आणि झुडूप वेगळे कळते, मात्र सारे करड्या रंगात, कारण दंडपेशींना रंग उमगत नाहीत. डोक्यावर देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका आहे. थेट त्याच्याकडे पाहिले, तर तो हरवतो. दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नाहीतच. नजर किंचित बाजूला वळवावी, आणि सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश डोळ्याच्या कडेला हळूच उमटतो.