यंत्रमानवांनी वादक बोलावले

डाफ्ट पंक ही इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांची फ्रेंच जोडी. नाव घेतलं की आधी आठवतात ती यंत्रमानवासारखी दोन चकचकीत हेल्मेटं. आत पॅरिसचे दोन मित्र, थॉमस बँगाल्टर आणि गी-मान्युएल द ओमेम-ख्रिस्तो.

मुळात हे दोघे गिटारवाले. १९९२ च्या सुमाराला त्यांचा 'डार्लिन' नावाचा बँड होता. एका ब्रिटिश साप्ताहिकाने तो झोडपला आणि त्या टीकेतल्याच शब्दांतून पुढचं नाव मिळालं.

१९९७ चा 'होमवर्क' हा अल्बम घरातल्या खोलीत तयार झाला. ड्रम मशीन, सिंथेसायझर, सॅम्पलर (जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून वाजवणारं यंत्र) आणि हे दोघे. २००१ च्या 'डिस्कव्हरी'त त्यांनी एडविन बर्डसाँगच्या जुन्या गाण्यातला छोटासा तुकडा उचलला, कापला, पुन्हा पुन्हा फिरवला आणि त्यावर 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' उभं केलं. म्हणजे माणसाचा हात त्यांच्या संगीतात तेव्हाही होता. फक्त तो दुसऱ्याच्या रेकॉर्डवर वाजत होता.

२०१३ च्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज'साठी त्यांनी तसल्या जुन्या रेकॉर्डच्या काळातल्या वादकांनाच बोलावणं धाडलं. 'शीक' या डिस्को बँडचे गिटारवादक नाइल रॉजर्स आले. मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'वर ड्रम वाजवणारे जॉन रॉबिन्सन आले, डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'वर वाजवलेले ओमर हकीम आले. बासला नेथन ईस्ट. अख्ख्या अल्बममध्ये उसना तुकडा एकच, तोही शेवटच्या गाण्यात.

या अल्बममधलं 'गेट लकी' नीट ऐका. चारच कॉर्ड्स, गाणंभर त्याच फिरतात. पण रॉजर्स यांचा उजवा हात तारांवर सतत खालीवर चालू असतो आणि डावा हात मध्येच तारांवरची पकड सैल करून सूर तोडतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत जोर किंचित वेगळ्या जागी पडतो. हा बारीक फरक मशीनवर एकेक करून भरता येईलही. रॉजर्स मात्र तो वाजवता वाजवता देतात, आणि मला या अल्बमचं सगळ्यात मोठं सुख तिथेच सापडतं.

दुसरं उदाहरण जॉर्जिओ मोरोडर यांचं. सिंथेसायझरवर डिस्को घडवणारा हा माणूस. त्यांना नुसतं बोलायला बसवलं, स्वतःच्या आयुष्याबद्दल, आणि त्या बोलण्यावरच एक गाणं उभं केलं. समोर मायक्रोफोन तीन, वेगवेगळ्या काळातले. ज्या दशकाची गोष्ट, त्या दशकाचा माइक. हा फरक ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळणार होता? फार थोड्यांना. तरीही त्यांनी ते केलं. त्याच गाण्यात पुढे सिंथेसायझर, ऑर्केस्ट्रा आणि हकीम यांचे ड्रम एकत्र येतात. यंत्रं कुठेच गेलेली नाहीत. ती आता वादकांच्या पंगतीला बसली आहेत.

जानेवारी २०१४ मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्या रात्री मंचावर रॉजर्स, ईस्ट आणि हकीम होते, सोबत 'गेट लकी' गाणारे फॅरेल विल्यम्स आणि गायक स्टीव्ही वंडर. जगभराचा दौरा मात्र झालाच नाही. २०२१ मध्ये दोघे वेगळे झाले.

२०२३ मध्ये हाच अल्बम पुन्हा निघाला, सगळे ड्रम काढून. गिटार, बास आणि तंतुवाद्यं त्यात उघडी ऐकू येतात. मूळ अल्बम ऐकून झाल्यावर तोही लावा, शक्यतो हेडफोनवर.