घर खासगी, जेसीबी पालिकेचा. मग बिल कुणाचं?

नमस्कार मंडळी. धोकादायक इमारतींवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "इमारत मालकाची, मग आमच्या कराच्या पैशातून पालिका ती का पाडते?"

पाडू शकते. त्यासाठी मालकी लागत नाही, कायद्यातला अधिकार लागतो. मुंबईत धोकादायक इमारतीला 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम 354, इतर महापालिकांत 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं 264, बेकायदा बांधकामाला एमआरटीपीचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, 53. झालं, पुढे.

खरी मेख पैशात आहे. पालिका तो पैसा उसना घालते. आधी नोटीस, मग मुदत. मालकाने त्या मुदतीत पाडलं नाही तर पालिका पाडते आणि खर्च मालकाच्या नावावर चढतो. एमआरटीपीखाली तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. म्हणजे मालक गप्प बसला म्हणून बिल चुकत नाही.

माझ्या मामांच्या वाड्याचं सांगते. पावसाळ्यात माडीची भिंत कलली. नोटीस चिकटवली ती मागच्या, विहिरीकडच्या दाराला, जिथून कुणी ये-जा करत नाही. शाई पाण्याने उतरलेली, तारीख वाचता येईना. दोन दिवसांत वाडा भुईसपाट. आठ महिन्यांनी बिल आलं: जेसीबीचे तास, मजूर, राडारोड्याच्या खेपा. सागवानी तुळयांचा मात्र कुठेच उल्लेख नाही. मामी अजून त्या तुळया मोजून दाखवते.

म्हणून सांगते, आधी नोटीस तपासा! सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय: किमान 15 दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि दारावरही, पाडकामाचं चित्रीकरण. हे डावललं तर बांधकाम पूर्ववत करायचा खर्च अधिकाऱ्याने स्वतः भरायचा, वर नुकसानभरपाई. रस्ता, फुटपाथ, नदी, रेल्वेमार्गावरची अतिक्रमणं आणि कोर्टाने आदेश दिलेली पाडकामं यांना हे लागू नाही.

एका ताईंनी विचारलंय, "चाळ पाडली, आता जागा पालिकेची का?" अजिबात नाही! उसने पैसे घालणारा मालक होत नाही. भाडेकरूचा हक्कही भिंतीबरोबर पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. फक्त खोली सोडण्याआधी क्षेत्रफळाचं मोजमाप लेखी घ्या.

आणि जे म्हणतात "वसुली होतच नाही", त्यांचा राग मला पटतो. उसने दिलेले पैसे मागायचेच नाहीत, तर ते तुमच्या-माझ्या घरपट्टीतून गेले. माहिती अधिकारात तीन आकडे मागा: पाडकामांवर किती खर्च, किती रकमेची बिलं काढली, किती वसूल झाले. सोबत नोटिशीची प्रत आणि पंचनामा.

मामांनीही अर्ज केला. प्रत आली. तारीख नीट छापलेली होती. पोच मिळाल्याच्या सहीचा रकाना कोरा.