पाय टेकत नाहीत तिथून

(दृश्य: पाण्याखालचा कॅमेरा. निळी टोपी, गॉगल, फुगलेले गाल.)

हे गाल बघा. ओठ गच्च मिटलेले, श्वास आत कोंडून धरलेला. मोठेपणी पोहायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पाण्यात तोंड घातल्यावर हेच करतो आणि चार हात मारले की धापा टाकत उभा राहतो. आपला दम कमी पडला असं त्याला वाटतं. खरं तर छातीत हवा असते. पण बाहेर न सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि तो साचला की शरीर श्वासासाठी कासावीस होतं.

निळ्या टोपीतल्या या बाई पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करताहेत. वय चाळिशीच्या पुढे. पळायची सवय आहे, सायकल लहानपणापासून येते. पोहणं येत नाही. त्यांनी निवडलीय स्प्रिंट अंतराची स्पर्धा: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मध्ये घड्याळ थांबत नाही. ओले कपडे, बूट, हेल्मेट, सगळ्याचा वेळ धरला जातो.

बेरीज केली तर पाण्यातलं अंतर एकूण अंतराच्या तीन टक्केही भरत नाही. त्यामुळे नवशिके पोहणं मागे टाकतात, स्पर्धा जवळ आली की बघू म्हणतात. आमचा कॅमेरा मात्र बहुतेक वेळ या तीन टक्क्यांतच राहिला, आणि त्याबद्दल आम्हाला वाईट वाटत नाही. पळताना दमलं तर चालता येतं. सायकलवरून उतरून बाजूला थांबता येतं. खोल पाण्यात तशी सोय नाही.

(दृश्य: टँकचा उथळ कोपरा. प्रशिक्षक कमरेइतक्या पाण्यात.)

"ताई, हात राहू द्या. आधी फुगे सोडा."

"सोडतेय की, सर."

"वर आल्यावर सोडताय. खाली सोडा. वर यायचं ते फक्त घ्यायला."

पहिले कित्येक वर्ग एवढंच चाललं. बघायला कंटाळवाणं आहे, म्हणून आम्ही ते बरंच कापलंय. पण तुम्ही स्वतः शिकणार असाल तर हे कापू नका. तोंड पाण्यात असताना सावकाश, सलग श्वास सोडायचा. मान वळवली की आत घ्यायला जागा तयार असते.

आता हा कडेने घेतलेला शॉट. डोकं वर उचललं की कंबर खाली जाते, कंबरेमागून पाय जातात, आणि सगळं शरीर पाण्याला आडवं लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. तिथे नुसता जोर चालत नाही, अंगाची ठेवण चालते. नजर तळाकडे, मान सैल. श्वास घेताना डोकं वर काढायचं नाही, अंगाबरोबर कुशीवर वळायचं. पळणाऱ्यांची आणखी एक अडचण दिसते: त्यांचे घोटे ताठ असतात. पाऊल मागे ताणलं जात नाही, त्यामुळे पाय मारून पाणी खूप उडतं आणि माणूस जागच्या जागी राहतो. प्रशिक्षकांनी पाय जोरात मारायला सांगितलंच नाही. पुढे पाय सायकलला लागणार आहेत, धावायला लागणार आहेत. इथे ते वर तरंगले तरी पुरे.

(दृश्य: बाई टँकच्या भिंतीला धरून उभ्या. चेहरा लाल. हसताहेत.)

पंचवीस मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे तीस लेंथ. त्या पूर्ण झाल्या तो हा दिवस. इथे थोडी फसगत असते. दर पंचवीस मीटरवर भिंत येते, हात टेकतो, पाय ढकलून काही मीटर फुकट मिळतात. तळाला काळी रेघ असते, तिच्यामुळे सरळ जाता येतं. तलावात यातलं काहीच नाही.

(दृश्य: तलाव. हिरवट पाणी, दूरवर नारिंगी बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण. बाईंच्या कमरेला बांधलेला फुगा मागून तरंगतोय. शेजारी होडी.)

या दृश्यावर संगीत नको, असं आम्ही संकलनात ठरवलं. श्वास ऐका.

डोळ्यांपुढे स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. बाई डावीकडे भरकटतात, सरळ होतात, पुन्हा डावीकडे. याला उपाय साइटिंग: काही हात झाले की डोळे तेवढे पाण्याबाहेर काढायचे, बोया बघायचा, आणि लगेच कुशीवर वळून श्वास घ्यायचा. बोया लाटेआड जातो, म्हणून त्याच्या रेषेतलं काठावरचं उंच झाड आधीच हेरून ठेवायचं.

आणि इथे त्या थांबल्या. हात पाण्यावर आपटताहेत, मान ताठ. पोहणं येत असूनही हे होतं. गार पाण्याने श्वास तुटक होतो, तळ दिसत नाही, भीती चढते. होडीतून प्रशिक्षक एवढंच म्हणतात, "पाठीवर या." त्या उताण्या होतात. आभाळाकडे बघत श्वास जागेवर आणतात. नियमही नवशिक्याच्या बाजूने आहेत. कुठल्याही पद्धतीने पोहलेलं चालतं, आणि बोया किंवा थांबलेली होडी धरून विसावा घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण नाव नोंदवायलाच घाबरतात.

ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहतानाच होतात. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी, आणि एकट्याने उघड्या पाण्यात उतरायचं नाही.

जुनी गोष्ट थोडक्यात, कारण तिचं चित्रण आमच्याकडे नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी ट्रायथलॉन नावाची शर्यत भरवली. ४६ जणांनी ती पुरी केली. सुरुवात धावण्याने होती, पोहणं नंतर. आज पोहणं आधी असतं, ते दमलेला माणूस पाण्यात उतरू नये म्हणूनच. त्या शर्यतीत धावलेले जॉन कॉलिन्स यांनी पुढे १९७८ मध्ये हवाईत आयर्नमॅन ही फार लांब अंतराची ट्रायथलॉन सुरू केली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला २००० साली, सिडनीत.

(दृश्य: रस्ता. सायकल कॅमेऱ्यासमोरून जाते.)

सायकलचा सराव आठवड्यातून दोनदा, हलक्या गिअरवर, पायडल मिनिटाला ८० ते ९० फेरे. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला अशा हौशी स्पर्धांत सहसा बंदी असते.

ब्रिक म्हणतात तो सराव याहून बघण्यासारखा. सायकलवरून उतरायचं आणि तडक धावायचं. बाईंची पहिली शंभर पावलं बघा, पाय दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे पडताहेत. ते सुटायला काही मिनिटं लागतात. स्पर्धेच्या दिवशी घाबरू नये म्हणून ती मिनिटं आधी अनुभवायची, बाकी ब्रिकचा फार मोठा अर्थ लावू नये.

(दृश्य: मोकळं पार्किंग. जमिनीवर टॉवेल, त्यावर मांडलेलं सामान.)

ही ट्रान्झिशनची, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जातानाच्या बदलाची तालीम. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे उघडे, म्हणजे उचललं की थेट डोक्यावर. बकल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत येऊन सायकल स्टँडवर ठेवेपर्यंत बकल काढायचं नाही. सायकलवर बसायचं ते आखलेल्या रेषेपलीकडे, उतरायचं तिच्या अलीकडे. ओल्या पायात मोजे चढत नाहीत, म्हणून ते आधीच गुंडाळून बुटात. बाईंनी हे इतक्यांदा केलं, की पार्किंगचा रखवालदार शेवटी वेळ मोजायला लागला.

(दृश्य: स्पर्धेची सकाळ. पाण्यात टोप्यांची गर्दी. भोंगा.)

निळी टोपी कडेला, मागच्या बाजूला. गर्दी पुढे गेल्यावर त्या निघाल्या. लाथा, कोपर यांपासून वाचायला नवशिक्याने हेच करावं. पहिल्या बोयापाशी त्या पाठीवर आल्या. आम्ही काठावरून बघत होतो. मग वळल्या.

(दृश्य: बाई पाण्यातून बाहेर. गुडघाभर पाणी. धावतात. वीस सेकंद निवेदन नाही.)

पुढचं सगळं रस्त्यावर झालं आणि आमचा कॅमेरा एकच होता. शेवटच्या काही जणांत, पण ठरलेल्या वेळेच्या आत, त्यांनी रेषा ओलांडली. घरच्यांनी या महिन्यांत बरंच सोसलं. अतिसरावाने उजवा खांदा दुखावलाय, डॉक्टरांनी पोहणं सध्या बंद ठेवायला सांगितलंय. तोवर त्या सायकल चालवताहेत.