लहान मण्याची गोष्ट

(पडद्यावर : पहाटेचे चार. द्राक्षबाग. डोक्याला बॅटऱ्या बांधलेले मजूर. फक्त कात्र्यांचा आवाज.)

फेब्रुवारी महिना. दिंडोरी तालुका. थंडी अजून हललेली नाही. अंधारातच बाग उतरवायचं काम चाललंय.

आपण खातो ती द्राक्षं अशी रात्रीची तोडत नाहीत. सकाळचं दव सुकू द्यायचं आणि मगच घडाला कात्री लावायची, ही इथली रीत. पण ही द्राक्षं वाईनची आहेत. ऊन चढलं की मणी तापतो. तापलेला मणी क्रेटमध्ये जरा जरी चिरडला, तरी रस तिथंच आंबायला लागतो आणि द्राक्षाचा वास वाटेतच उडून जातो. म्हणून दिवस वर यायच्या आत गाडी वायनरीच्या दारात उभी हवी.

यातला एक घड हातात घेऊन बघा. मूठभर आहे. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया. बाजार समितीत नेला तर कुणी भावसुद्धा विचारणार नाही.

नाशिकच्या शेतकऱ्यानं कित्येक पिढ्या खपून मणी मोठा करायची विद्या कमावली. आता त्याच मातीत काही माणसं मणी लहान राहावा म्हणून जिवाचं रान करतायत.

(पडद्यावर : पिंपळगाव बसवंतच्या वाटेवरच्या बागा. मांडवाखालून चालणारा कॅमेरा.)

माझं आजोळ पिंपळगावजवळचं. मामाची तीन एकर थॉमसन होती, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. मामाच्या शर्टाच्या खिशात एक प्लास्टिकची पट्टी कायम असायची, तिला वेगवेगळ्या मापांची गोल भोकं. मणी त्या भोकात घालून बघायचा. सोळा एमएम झाला का? अठरा झाला का? आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नसायचा.

तो मणी अठरावर न्यायला किती हात लागतात! ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की डोळे फुटतात, घड दिसतात. मग वांझ फुटी काढायच्या, बायांनी बारीक कात्रीनं एकेका घडाची विरळणी करायची, एकेक घड संजीवकाच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, मगात बुडवायचा. त्याला इथं डिपिंग म्हणतात. डावणी, भुरी असले बुरशीचे रोग आले की रात्री दोनला उठून फवारणी. चार महिने असे काढल्यावर एक दिवस व्यापारी बांधावर येतो, घड हातात धरतो आणि भाव बोलतो. एका वर्षी असाच एकजण माल भरून घेऊन गेला आणि पैसे द्यायला पुन्हा आलाच नाही. मामा त्याच्या गावापर्यंत जाऊन आले. घराला कुलूप होतं.

त्या द्राक्षाचा प्रवास तिथंच संपायचा. क्रेट ट्रकमध्ये चढली की ती मामाची राहायची नाही, आमच्या गावाचीही राहायची नाही. कोलकात्याला ती कुणी खाल्ली आणि त्याला कशी लागली, याची खबर आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. छोट्या वाईनवाल्यांकडे मी ओढला गेलो तो या एका गोष्टीमुळे. द्राक्ष बाटलीत गेलं की त्याचा माग ठेवता येतो. ते कुठल्या उतारावरचं, कुठल्या वर्षाचं, त्या वर्षी पाऊस कसा होता, हे दहा वर्षांनीही सांगता येतं.

(पडद्यावर : जुनी छायाचित्रं. ओझर. नंतर गंगापूर धरणाचं पाणी.)

नाशिकच्या द्राक्षशेतीची गोष्ट सांगताना १९२५ साल आणि ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांचं नाव घेतात. वाईन आली ती फार पुढे. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींची लागवड केली आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन बाहेर पडली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाईन पार्क आखला. मग बागाईतदारच वायनरी काढायला लागले. कर्ज मिळत होतं, टाक्या येत होत्या, आणि वाईनची द्राक्षं लावा, कंपनी करारानं उचलेल, असं गावोगाव सांगितलं जात होतं.

२००८ मध्ये हे सगळं कोसळलं. आधी जगभर मंदी, त्यात नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं रिकामी पडली. आदल्या हंगामाची वाईन टाक्यांत तशीच होती आणि दारात नवीन माल येऊन उभा राहिला. करार कागदावर राहिले. ज्यांनी शिराज आणि कॅबर्ने या लाल वाईनच्या जाती लावल्या होत्या त्यांच्यापुढे मोठा पेच होता, कारण हा मणी दुसऱ्या कुठल्याच बाजारात चालत नाही. त्याचा ना चांगला बेदाणा होतो, ना तो खायला विकला जातो. पुढच्या एक-दोन वर्षांत निफाडकडच्या रस्त्यानं जाताना उपटलेल्या खोडांचे ढीग बांधाबांधावर दिसायचे. द्राक्षाचं खोड पेटवलं की बराच वेळ धुमसत राहतं. तो धूर मला अजून आठवतो.

नाशिकची वाईन म्हटलं की हिरवळ, फोटो आणि सनसेट दाखवले जातात. हे ढीगही दाखवायला हवेत. आज जी लहान घरं टिकून आहेत, ती हे बघून शहाणी झालेली आहेत.

(पडद्यावर : इगतपुरी तालुका. कावनईचा किल्ला. मुकणे धरणाच्या फुगवट्याचं पाणी. लाल मुरमाचा उतार.)

कावनई. नाशिककरांना हे गाव कपिलधारा तीर्थामुळे ठाऊक आहे. पावसाळ्यात इथं आभाळ फाटल्यासारखं कोसळतं. इथं बाग लावायची, हे मामाला सांगितलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. शैलेंद्र पै यांनी व्हॅलोने ही वायनरी इथंच उभी केली.

जमिनीकडे नीट बघा. निफाडची काळी माती पाणी धरून ठेवते, वेलीला पोटभर देते, मणी फुगतो. खायच्या द्राक्षाला ती सोन्यासारखी. इथला मुरूम पाणी धरत नाही. पावसाळा संपला की उतारावरून सगळं निथळून जातं आणि वेलीला मुळं खोल न्यावी लागतात. वेल जरा तहानलेली राहते. मणी लहान राहतो.

लहान कशाला हवा? लाल वाईनचा रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत असतो आणि वासाचा मोठा भागही सालीतच असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा नुसता रस काढला तर तो जवळपास पांढराच निघतो. मणी मोठा झाला की रस वाढतो, साल त्या मानानं कमी पडते. मग वाईन पाणचट होते. म्हणून इथं संजीवक नाही, डिपिंग नाही. वेलीवर घड जास्त झाले तर हिरवे असतानाच काही छाटून खाली टाकतात. मामांनी टनावर हिशेब केला, इथली माणसं आपल्या हातानं माल कमी करतात. बागाईतदाराच्या मनाला हे लवकर पटत नाही, आणि पटावं तरी का? टनावर पैसे मिळणार असतील तर घड खाली टाकणारा वेडाच म्हणायचा. त्यामुळे चांगली लहान वायनरी शेतकऱ्याशी दराचं बोलणंही वेगळं करते. वजनाबरोबर ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजते. खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सवर तोडतात. लाल वाईनचं द्राक्ष बावीसच्या पुढे जाईपर्यंत वेलीवर ठेवावं लागतं. ते जास्तीचे दिवस म्हणजे अवकाळीची, गारांची भीती. मार्च २०१४ ची गारपीट ज्यानं पाहिली, त्याला या दिवसांची किंमत कळते.

(पडद्यावर : बागेत छाटणी. काड्या जमिनीवर पडताना.)

युरोपात थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. पहिलीनं काडी तयार होते, दुसरीनं फळ येतं. या पद्धतीमुळे फळ पावसाळा टाळून येतं, नाहीतर घड वेलीवरच कुजले असते. तिकडे उन्हाळा संपताना तोडणी होते, आपल्याकडे थंडी संपताना. परदेशातून आलेल्या वाईनमेकरलाही हे वेळापत्रक इथंच शिकावं लागतं.

आणि थंडीचं देणं वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत पेपरात निफाडचा पारा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. त्याच कुंदेवाडीत यतीन आणि किरण पाटील यांची रेव्हेलो. घर मुळातलं शेतीचं. त्यांनी इटालियन वाईनमेकर आणला आणि सिसिली बेटावरच्या नेरो दाव्होला, ग्रिलो अशा जाती निफाडात रुजवल्या. सिसिली म्हणजे उन्हाचा मुलूख, तिथल्या वेलीला ऊन नवं नाही. इथं दुपारच्या उन्हानं गोडी चढते आणि रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. ही दोन टोकं एका मण्यात सापडली तरच वाईनला जीव येतो.

शेनिन ब्लाँबद्दल थोडं सांगतो, कारण मला ही जात आपली वाटायला लागली आहे. मूळची फ्रान्सच्या लुआर नदीकाठची, पण गोदाकाठी अशी रुळली की नाशिकच्या पांढऱ्या वाईनचा कणाच झाली. भरपूर पिकते, म्हणून अनेक वर्षं तिची सोपी, गोडसर, लवकर संपवायची वाईनच जास्त बनली. लहान वायनऱ्यांनी तिच्याकडे पुन्हा बघितलं. कुणी ती पूर्ण कोरडी ठेवतं, कुणी ओकच्या पिंपात घालतं, कुणी घड वेलीवर सुकत ठेवून बेदाण्याच्या वाटेवर असताना तोडतं आणि त्याची दाट, मधासारखी लेट हार्वेस्ट करतं. वेल तीच असते, माणूस तिच्याशी वागतो कसा त्यावर सगळं ठरतं.

(पडद्यावर : वायनरीच्या आत. टाकीत वर आलेला सालींचा थर. लांब दांड्यानं तो खाली दाबणारा तरुण.)

लाल द्राक्षं सालींसकट आंबतात. वायू सुटतो आणि साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपानं वर सोडायचा. थर सुकला की त्यात आंबूस वास धरतो आणि पुढे वाईनच बिघडते. आंबताना टाकी तापते. ती थंड पाण्याच्या नळ्यांनी आवरावी लागते, पांढऱ्या वाईनला तर पंधरा अंशांच्या आसपास. आणि तेवढ्यात लाईट जाते. मग जनरेटर सुरू होईपर्यंत टाकीच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. हंगामात इथली पोरं घरी जात नाहीत, टाक्यांच्या शेजारीच गोधडी टाकतात.

(पडद्यावर : टेस्टिंग रूम. शनिवारची दुपार. मुंबईच्या गाड्या.)

वाईन झाली तरी ती विकायची कुठे, हा प्रश्न बनवण्यापेक्षा अवघड आहे. प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलाची नोंदणी, तिची फी. मोठ्या कंपनीला ते झेपतं. पाच-सात प्रकारच्या थोड्याथोड्या बाटल्या भरणाऱ्याला एका परराज्यात पाऊल टाकायचं तरी दहादा हिशेब करावा लागतो. म्हणून त्याला आपल्या दारातच गिऱ्हाईक आणावं लागतं, आणि टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखून विकत घ्यायची जागा, हा त्याच्या पोटाचा प्रश्न होतो. गंगापूर धरणाजवळची यॉर्क हे गुरनानी कुटुंबाचं घर. तीन मुलांच्या नावांच्या अक्षरांवरून हे नाव ठेवलेलं. धाकट्या कैलासनं ऑस्ट्रेलियात शिकून येऊन तिथं वाईन केली. २०२१ मध्ये यॉर्क सुलाकडे गेली. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एका घराची वायनरी घराचीच राहणं किती कठीण आहे, ते यातून दिसतं.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्याला जोरदार विरोध झाला, आणि तो अमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांची काळजी मी हलक्यात घेत नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपण सगळ्यांनीच जवळून पाहिली आहेत. माझ्या आजोळी तुळशीची माळ आहे, मामांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी मी त्यांना एकदा वायनरीत नेलं. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, बराच वेळ हुंगला आणि परत टेबलावर ठेवला. मग वाईनमेकरला विचारलं, "पाणी कधी तोडलं होतं?" त्या दोघांचं बोलणं पुढे तासभर चाललं. मातीवर, मुळांवर, फेब्रुवारीतल्या ढगांवर. इतक्या वर्षांत मामांना त्यांच्या द्राक्षाबद्दल हे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

एक गोष्ट मला खटकते, ती इथं बोलून टाकतो. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण कावनईचा मुरूम आणि कुंदेवाडीची थंडी या दोन वेगळ्या चवी आहेत. बाटलीवर वायनरीचं नाव असतं, जातीचं असतं, वर्ष असतं. गावाचं नाव क्वचितच असतं, आणि ज्यानं ती वेल वाढवली त्याचं तर त्याहून क्वचित. लहान वायनऱ्यांनीच हे आधी करावं. त्यांना कुठला क्रेट कुठल्या बांधावरून आला ते पाठ असतं.

(पडद्यावर : एप्रिल. रिकामी बाग. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी जीपमधून उतरते.)

तोडणी संपली. वाईन टाक्यांत शांत बसली आहे. बागेत मात्र खरड छाटणी सुरू झाली. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या आल्या आहेत. काडी डोळे मोजून छाटायची, पाणी द्यायचं. येत्या दोन-अडीच महिन्यांत नवीन काडीच्या डोळ्यात घड तयार होईल, इतका बारीक की तो बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. पुढच्या फेब्रुवारीत पहाटे चारला जो घड कापला जाईल, तो हाच.

टोळीतल्या एका बाईनं कात्रीला धार लावली. पहिली ओळ तिनं घेतली.