काकांचा डॉसचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर का चालत नाही?

नमस्कार मंडळी. गेल्या शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या ऐन गर्दीत, काकांचा फोन. "अरे, नवा कॉम्प्युटर घेतला आणि माझा बिलांचा प्रोग्राम उघडतच नाही. फसवलं रे मला!" काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि प्रोग्राम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जमान्यातला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. जाऊन बघतो तर विंडोज म्हणतेय, हे ॲप या पीसीवर चालणार नाही.

फसवलं कुणीच नव्हतं. भानगड होती प्रोसेसरच्या मोडची, म्हणजे त्याच्या काम करायच्या पद्धतीची.

1978 साली इंटेलचा 8086 प्रोसेसर आला. त्याचा पत्ता 20 बिटांचा, म्हणजे मेमरी 10,48,576 बाइट, एक एमबी. पण रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे, 16 बिटांची, त्यांत 65,536 च्या वर पत्ते मावतच नाहीत. म्हणून पत्त्याचे दोन तुकडे केले, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला 16 ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा.

आपल्या वाड्यावर घर विचारून बघा. एक सांगेल, "देवळाकडून वीस घरं सोडून." दुसरा म्हणेल, "पिंपळाकडून चार." पिंपळ देवळापासून सोळा घरांवर असेल, तर दोघंही बरोबर! 8086 मध्ये एकाच बाइटचे असे 4,096 पर्यंत पत्ते निघू शकतात. आणि कुलूप कुठल्याच घराला नाही. कुठलाही प्रोग्राम थेट डॉसच्या जागेवर लिहू शकतो, मग मशीन ठप्प. हा रिअल मोड, आणि काकांचा प्रोग्राम याच्यासाठीच लिहिलेला.

कुलूप आलं 1982 साली, पुढच्या 80286 प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये. पण आत शिरल्यावर रिअल मोडमध्ये परतायची वाटच ठेवली नव्हती! प्रोसेसर रीसेट करावा लागायचा, आणि पीसीवर ते काम कीबोर्डच्या कंट्रोलरकडून करून घेत. हसू नका, खरं आहे.

1985 चा 80386 मात्र शहाणा निघाला. 32 बिटांचा पत्ता, 4 जीबी मेमरी, आणि पेजिंग. म्हणजे प्रोग्राम जो पत्ता बोलतो तो खरा नसतोच. मेमरीची 4 केबीची पानं पाडलेली असतात आणि कुठलं पान खरोखर कुठे आहे, ते पेज टेबल सांगतं. दोन प्रोग्राम एकच पत्ता घेतात आणि पोचतात वेगवेगळ्या जागी. शिवाय त्यात व्हर्च्युअल 8086 मोड होता. त्यात जुन्या प्रोग्रामला वाटतं, अख्खा 8086 आपलाच. काकांचा प्रोग्राम 32 बिटांच्या विंडोजवर इतकी वर्षं जगला तो याच मोडच्या जिवावर.

2003 साली एएमडीने 64 बिटांचे प्रोसेसर बाजारात आणले. त्यांचा लाँग मोड 32 बिटांचे प्रोग्राम सांभाळून घेतो, पण व्हर्च्युअल 8086 मोड त्यात नाही. 64 बिटांची विंडोज लाँग मोडमध्येच राहते. तिथे काका अडकले.

आता गंमत बघा. काकांच्या त्याच नव्या मशीनचं बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो रिअल मोडमध्येच! फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम, त्याला लगेच तिथून पुढे हाकतं. म्हणजे काकांना हवा तो मोड रोज सकाळी येतो आणि विंडोज उघडायच्या आधीच निघून जातो.

उपाय म्हणून मी डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम इन्स्टॉल करून दिला. तो जुन्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब नक्कल करतो. काळा पडदा दिसला आणि काका खूश. मग चष्मा वर करून विचारलंच, "छापील बिल निघेल ना रे?"

प्रोग्राम पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरची जोडणी, शोधतोय, आणि प्रिंटर आहे यूएसबीचा. पुढच्या व्हिडिओत भेटू.