कुंपणाचा हिशेब : ज्याँ-जाक लाफों

(पडद्यावर: पॅरिस. सरकारी इमारतींच्या कमानी.)

साल 1999. फ्रान्सच्या पंतप्रधानांना सल्ला देणाऱ्या आर्थिक परिषदेपुढे दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझहून आलेला अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक अहवाल मांडतोय. समोर बडे सनदी अधिकारी, राजकारणी, विद्यापीठातली मंडळी. प्राध्यापकाचं म्हणणं साधं आहे. नेते आणि अधिकारी हीसुद्धा माणसंच, तीही आपला फायदा-तोटा बघून वागतात, तेव्हा राज्ययंत्रणा उभारताना हे गृहीत धरा. सभागृहात एकच गदारोळ झाला.

आपल्याला याचं नवल वाटणार नाही. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते दिसत नाही, तसाच अधिकारी पैसा कधी खातो ते दिसत नाही, हे कौटिल्याने केव्हाच लिहून ठेवलंय. फ्रान्समध्ये मात्र 'राज्य' ही जवळजवळ देव्हाऱ्यातली वस्तू. तिला हात लावणाऱ्या या प्राध्यापकाचं नाव ज्याँ-जाक लाफों.

(पडद्यावर: तुलूझ. गुलाबी विटांच्या भिंती, गारोन नदी.)

जन्म 1947 चा, याच गावचा. आधी गणित, मग पॅरिसला संख्याशास्त्र, मग अमेरिकेत हार्वर्ड. तिथे 1975 साली डॉक्टरेट. अशा माणसाने एकतर अमेरिकेत राहावं नाहीतर पॅरिस गाठावं, अशी रीत. लाफोंनी काही वर्षं पॅरिसकडे शिकवलंही, पण मुक्काम हलवला तो तुलूझलाच. 1990 मध्ये तिथे त्यांनी औद्योगिक अर्थशास्त्राची संस्था काढली. विद्यापीठाचा हा सगळा पसारा एका जुन्या तंबाखूच्या कारखान्यात थाटलेला. पैसा उभा राहिला तो मोठ्या कंपन्यांशी केलेल्या संशोधन करारांतून. नियमनाचा, म्हणजे सरकार कंपन्यांवर ठेवतं त्या अंकुशाचा अभ्यास करायचा आणि ज्यांचं नियमन होतं त्यांच्याच पैशातून करायचा, यात एक अवघड जागा आहेच. गंमत म्हणजे त्या अवघड जागेचा सिद्धान्तही लाफोंनीच मांडला. त्याकडे येऊच.

लवकरच अमेरिकेतल्या एमआयटीमधून त्यांचे अर्थशास्त्रज्ञ मित्र ज्याँ तिरोल तुलूझला आले आणि तिथलेच झाले. दोघांनी मिळून 1986 पासून जे लिहिलं, त्याचा गाभा आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला समजेल.

(पडद्यावर: एका घराचं बांधकाम. वाळूचा ढीग, घमेली.)

घर बांधताना काम उक्तं द्यायचं की रोजावर? उक्तं दिलं तर ठेकेदार काटकसर करतो, पण वाचलेला पैसा त्याच्या खिशात जातो. रोजावर दिलं तर जेवढा खर्च तेवढेच पैसे जातात, पण काम लवकर उरकायची त्याला काय घाई? आता घराच्या जागी शहराचा पाणीपुरवठा ठेवा, टेलिफोनचं जाळं ठेवा. सरकार मालक, कंपनी ठेकेदार. खरा खर्च किती येतो हे कंपनीला ठाऊक, सरकारला नाही.

लाफों आणि तिरोल म्हणाले, एकच करार पुढे करू नका, निरनिराळे करार मांडा आणि कंपनीलाच निवडू द्या. जी कंपनी खरोखर काटकसरी आहे ती आपणहून उक्त्याकडे जाईल. जिचा खर्च जास्त आहे ती खर्च वाटून घेणारा करार उचलेल. तिच्या निवडीतूनच तिची खरी परिस्थिती उघड होते. ही माहिती फुकट मिळत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. कंपनीच्या हातात थोडा जास्तीचा नफा राहू द्यावा लागतो.

आणि कंपनीने या नफ्याचा वाटा नियामकालाच, म्हणजे अंकुश ठेवणाऱ्यालाच देऊ केला तर? म्हणजे कुंपणच शेत खाऊ लागलं तर? मघाची अवघड जागा ती हीच. तीही त्यांनी समीकरणात बसवली. 1993 मध्ये हा सगळा सिद्धान्त जाडजूड ग्रंथरूपाने आला, आणि त्याच वर्षी दोघांना युरोपातला मानाचा यर्यो यानसन पुरस्कार मिळाला.

इथेच थांबले असते तरी नाव झालंच होतं. पण नव्वदच्या दशकात आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत पाणी, वीज, टेलिफोन धडाधड खासगी कंपन्यांकडे जात होते. सल्ले श्रीमंत देशांतले, करारही तिथल्याच साच्यातले. लाफों आयव्हरी कोस्टमधल्या अर्थशास्त्रज्ञांबरोबर काम करू लागले आणि स्वतःचंच पुस्तक नव्याने तपासायला बसले.

गरीब देशात कर गोळा करणं महाग पडतं. तिजोरीतला प्रत्येक रुपया अर्थव्यवस्थेला रुपयापेक्षा बराच जास्त पडतो. म्हणजे कंपनीच्या हातात राहणारा नफा अधिकच टोचतो, तेव्हा उक्तं नको. पण खर्चाचे हिशेब तपासणारी यंत्रणा दुबळी, म्हणजे रोजावर काम दिलं की बिलं फुगणार, तेव्हा उक्तंच बरं. दोन्ही कारणं खरी, आणि दोन्ही विरुद्ध दिशेला ओढतात. तयार उत्तर नाहीच. देश बघून ठरवावं लागतं.

क्रॉस सबसिडीचंही तसंच. शहराकडून जास्त दर घेऊन खेड्याला स्वस्तात पुरवायचं, याला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, गरिबाला करातून मदत करा. लाफोंचा सवाल होता की कर नीट गोळाच होत नसेल तर मदत कशातून करणार? विजेचं बिल निरखून वाचणाऱ्या मराठी माणसाला हा वाद नवा नाही.

आणि करार मोडण्याचं काय? जागतिक बँकेतल्या लुईस ग्वाश यांनी लॅटिन अमेरिकेतले 1,000 हून अधिक करार तपासले. सुमारे 30 टक्के करारांत पुन्हा वाटाघाटी झाल्या होत्या, पाण्याच्या करारांत तर 74 टक्क्यांच्या आसपास. त्याही सरासरी दोन-सव्वादोन वर्षांत. हे का होतं, याचा सिद्धान्त आणि हिशेब लाफोंनी ग्वाश आणि स्टेफान स्ट्रॉब यांच्यासह मांडला. आपल्याकडे दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पात 1993 चा करार, 1995 ची रद्दबातल घोषणा, मग फेरवाटाघाटी आणि 2001 मध्ये वीजखरेदी बंद, हे सगळं पाहिलेल्यांना तो वाचताना आपलीच गोष्ट वाटेल.

(पडद्यावर: तुलूझ, संध्याकाळ.)

2001 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातही अध्यापन सुरू केलं. मग कर्करोग. 1 मे 2004 रोजी तुलूझजवळच्या कोलोमिये इथे ते गेले. वय 57.

विकसनशील देशांतल्या नियमनावरचं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी केंब्रिजने छापलं. 2014 मध्ये तिरोल यांना नोबेल मिळालं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. समितीने त्या वेळी प्रसिद्ध केलेलं शास्त्रीय टिपण उघडलं, तर नियमनाच्या प्रकरणात तिरोल यांच्या शेजारी पुन्हा पुन्हा एक नाव येतं.

(पडद्यावर: टिपणाचं पान. लाफों या नावावर कॅमेरा थांबतो.)