आधी विचारायचं, मग गप्प बसायचं

सकाळचे पावणेसात, परळच्या एका कॉलेजचं गेट. ही जी पोरं छत्र्या मिटत धावत आत शिरतायत ना, त्यातली कितीतरी कर्जत, टिटवाळा, विरारहून आलीयेत, पहाटे चारला उठून, पोटात चहाचा घोट गेला तर गेला. पहिल्याच लेक्चरला एखादी चक्कर येऊन पडते आणि मैत्रिणी तिला धरून इथे, कॉलेजच्या सिस्टरांच्या खोलीत आणतात. एक पलंग, बीपीचं मशीन, ग्लुकोजचा डबा आणि या सिस्टर.

सिस्टर म्हणतात, ग्लुकोज देणं सोपं आहे हो, पण तीच मुलगी पडल्या पडल्या छताकडे बघत "घरी नका सांगू" म्हणाली की पुढे काय बोलायचं, हे त्यांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून हे दोन दिवसांचं ट्रेनिंग. गोलात कोण कोण बसलंय बघा, समुपदेशक मॅडम, सिस्टर, होस्टेलचे वॉर्डन, एनएसएसचे सर, लायब्ररीतले काका आणि दोन शिपाई. शिपाई कशाला, असं आम्ही फिल्मवाल्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, कोण मुलगा तीन दिवस जिन्यात एकटा बसतोय ते सगळ्यात आधी यांनाच दिसतं.

पहिली सकाळ सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची आणि तोंडाने श्वास द्यायचा. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान ५ सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. काका दुसऱ्या मिनिटालाच घामाघूम झाले, म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

दुपारी मनाचा प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत याच्या तीन पायऱ्या आहेत, पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. ऐकायला सोपं वाटतं. आता या दोन खुर्च्यांकडे बघा. मध्ये टेबल नको, समोरासमोर नको, जराशा तिरक्या. एका खुर्चीत वॉर्डन विद्यार्थी झालेत, दुसरीत सिस्टर.

सिस्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "तुला आत्महत्येचे विचार येतात का?" फॉर्म भरून घेतल्यासारखं. दुसऱ्यांदा, "तसलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?" ट्रेनर मॅडमनी तिथेच थांबवलं, कारण "नाही ना" म्हटलं की समोरचं पोर "नाही"च म्हणणार. असं थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, संशोधन तसं सांगत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाल्या, "कधी कधी इतकं असह्य होतं की मरून जावंसं वाटतं माणसाला. तुला वाटतं का तसं?" आणि मग गप्प बसल्या. पाणी दिलं नाही, "होईल सगळं नीट" म्हटलं नाही. ही शांतता आम्ही कापलेली नाही.

असे शब्द आपल्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने घोटावेच लागतात, स्लाइड बघून ते येत नाहीत.

आणखी एक, याच इमारतीत अकरावी-बारावीही भरते. अठराच्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, त्यामुळे "कुणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, हे आधीच बोलून घ्यायचं.

२०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, ही एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिक्षक आणि शिक्षकेतर स्टाफ, सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा असं ट्रेनिंग द्या.

सोमवार. सिस्टरांच्या खोलीतलं टेबल आता भिंतीला लागलंय, पलंगाजवळ एक तिरकी खुर्ची, दाराच्या आतल्या बाजूला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. दारात एक मुलगा उभा आहे, चेहरा आम्ही दाखवत नाही. सिस्टर त्याला आत घेतात, दार लोटतात. आम्ही बाहेरच थांबलो.